बद्द वाजणारं नाणं

पूर्वी दुकानदार रुपया वाजवून घेत. फरशीवर खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. मेटल डिटेक्टर घेऊन वाळूत नाणी शोधणाराही कानावरच विसंबतो, पण मुंबईच्या उपनगरांत त्याला ही जुनी पारख विसरावी लागते, कारण इथली खरी नाणी पुष्कळदा बद्दच वाजतात. यंत्राला नाणं म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, तिथल्या धातूत भोवऱ्यासारखा वीजप्रवाह फिरू लागतो, आणि त्याचे पडसाद किती जोराने आणि किती मागे रेंगाळत परत आले एवढंच यंत्र मोजतं. चांदी-तांब्याचे पडसाद एका तऱ्हेचे, लोखंडाचे दुसऱ्या. त्यावरून पडद्यावर आकडा उमटतो नि कानात सूर येतो. ‘कचरा गाळा’ असं बटण दाबलं की लोखंड गप्प होतं. भंगारवाला लोहचुंबक लावून माल निवडतो, तसंच हे. भंगारवाला मात्र चुंबकाला चिकटलेला माल फेकून देत नाही, त्याचा वेगळा भाव करतो.

आपल्याकडे तेच करायला हवं. ऐंशीच्या दशकातला रुपया तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा होता. 1992 पासून तो स्टेनलेस स्टीलचा झाला, आणि या पोलादात सुमारे 17 टक्के क्रोमियम सोडलं तर बाकी जवळजवळ सगळं लोखंड. 25 आणि 50 पैसे त्याआधीच, 1988 पासून, याच वाटेने गेले होते. दोन्ही काळांतले रुपये शेजारी ठेवून चुंबक फिरवला की फरक दिसतो: जुना हलत नाही, नवा टुणकन चिकटतो. म्हणजे जुहूला भेळेचे पैसे देताना 1992 नंतर वाळूत जे रुपये निसटले असतील, ते यंत्राच्या लेखी खिळ्यांचे सख्खे भाऊ. त्याआधीचे चौकोनी पाच पैसे अॅल्युमिनियमचे, वजनाला फुलासारखे; त्यांचा सूर बाटलीच्या अॅल्युमिनियमच्या झाकणाच्या जवळ जातो. हा पेच फक्त आपलाच नाही. ब्रिटनची पेनी 1992 पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहे, आणि युरोची 1, 2 व 5 सेंटची नाणीही तशीच.

यावर कुणी म्हणेल की हल्लीची यंत्रं थेट आकडा दाखवतात, तो पाठ केला की झालं. आकडा उपयोगी आहेच. पण तो धातू, आकार, खोली आणि भोवतालची जमीन या सगळ्यांचा मिळून बनतो, आणि आपली जमीन सरळ नाही. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्या काळ्या पाषाणाची आहे, त्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे चुंबकी कण असतात. वर समुद्राचं खारं पाणी, तेही वीजवाहक. वेसाव्याच्या किंवा गोराईच्या ओल्या वाळूत यंत्र या दोन्हींत सापडतं, आणि घरच्या फरशीवर दिसलेला आकडा तिथे जागेवर राहत नाही. म्हणून आकड्याइतकाच हात महत्त्वाचा. सूर आला की तबकडी एकदा डावी-उजवीकडे फिरवायची, मग नव्वद अंशांत वळून त्याच जागेवरून पुन्हा. आडवा पडलेला खिळा एका बाजूने भरीव बोलतो, दुसऱ्या बाजूने तुटतो. गोल चकती दोन्हीकडून सारखीच बोलते. पण सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूचही गोल, चपटं आणि लोखंडी असतं. स्टीलचा रुपया आणि ते बूच यांचा निवाडा शेवटी बोटांनीच होतो.

मग सगळंच उकरून का बघू नये? भरतीच्या रेषेवरच्या मोकळ्या वाळूत, खड्डा पुन्हा बुजवणार असाल तर, हाच सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. मात्र याच उपनगरांत बोरिवलीची कान्हेरी आणि मंडपेश्वर, अंधेरीची महाकाली आणि जोगेश्वरीची लेणी आहेत. ही संरक्षित स्मारकं. तिथे परवानगीवाचून खणणं 1958च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय 1878चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं पाहिजे. इथली सारी माती भरावाने आणि बांधकामांनी कधीच उलटीपालटी झाली, आता जपायचं काय, हा आक्षेप पुष्कळ ठिकाणी खराही आहे. लेण्यांच्या परिसराला तो सरसकट लागू पडत नाही. कान्हेरीत यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला शिलालेख आहे, आणि सातवाहनांनी चांदी-तांब्याबरोबर शिशाचीही नाणी पाडली. शिसं मऊ आणि मळकट. खणखणीत वाजणं त्याच्या स्वभावातच नाही. वेसाव्याच्या कोळ्याच्या जाळ्यातून गळालेली शिशाची गोळी आणि तेवढ्याच वजनाचं सातवाहन नाणं यांत यंत्र खात्रीने फरक करू शकत नाही. वाळूत गोळी उचलली तर काही बिघडत नाही. कान्हेरीच्या मातीतलं नाणं मात्र कोणत्या थरात, कशाशेजारी पडलं होतं यावरून त्याचा काळ नि तिथला वावर कळतो, आणि ते उपटून खिशात टाकलं की पुढे उत्खनन करणाऱ्याला तिथे नुसता खड्डा सापडतो.