वंशावळ : कागदातून जिवंत नात्याकडे

मोहर्लीच्या फाटकापाशी आलेल्या पाहुण्याला वाघाचे कूळ सांगणारी माणसे भेटतात. माया वाघीण कोणाची लेक, तिचे बछडे कोणत्या रानात गेले, हे ताडोब्यात अनेकांना तोंडपाठ असते. त्याच टापूतल्या एखाद्या दलित विद्यार्थ्याला पणजोबाच्या भावाचे नाव विचारा. बहुधा तो गप्प होईल. दोष त्याचा नाही. वरच्या जातींच्या कुळांसाठी तीर्थक्षेत्री पंड्यांच्या वह्या होत्या. आपल्या माणसांची वही कोणी ठेवली?

आज हा केवळ अभिमानाचा प्रश्न राहिलेला नाही. दोन कायदे आपल्याकडे वंशावळ मागतात.

पहिला २००६ चा वनहक्क कायदा. आदिवासी नसलेल्या वननिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जंगलाच्या कडेने राहणारे दलित कुटुंब याच अटीवर अडते. परंतु २००८ च्या नियमांत पुरावे म्हणून जुन्या नोंदींतील माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, ही दोन्ही मान्य आहेत. हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

दुसरा महाराष्ट्राचा जात-पडताळणीचा कायदा, २००१ चा अधिनियम २३. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याने आज्याचा शाळेचा दाखला आणावा, असा हा न्याय! अशा वेळी वडिलांकडील रक्तनात्यातल्या कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याचा मोठा आधार मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले, की नाते सिद्ध झाले पाहिजे आणि आधीचे प्रमाणपत्र रीतसर चौकशीनंतर दिलेले असले पाहिजे. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच येतो : तो नातेवाईक कोण, आणि आज तो आहे कुठे?

येथे एक चूक नेहमी होते. आपण बाप, आजा, पणजा अशी सरळ वर चढत जातो आणि थांबतो. त्या वाटेवर मृत माणसेच भेटतात. जिवंत नातेवाईक हवा असेल तर पणजोबापाशी थांबून त्याच्या भावांच्या फांद्यांनी खाली उतरले पाहिजे. या फांद्या लांब गेलेल्या असतात. कोणी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला, कोणी कोळशाच्या खाणीत, कोणी नागपूरच्या गिरणीत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठली, तेव्हा गावाबरोबर शेजारही उठला.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या बाईपासून करावी. कायदा बापाकडचे नाते मोजतो, पण ते लक्षात ठेवलेले असते बाईने. कोणाची सोयरीक कुठे झाली, कोणता दीर रुसून कोणत्या गावी गेला, हे तिलाच माहीत असते. तिला सन विचारू नये. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली, तेव्हा मूल कडेवर होते की पोटात, असे विचारावे. सन आपोआप निघतो. प्रत्येक नावापुढे गाव, टोपणनाव आणि बदललेले आडनाव लिहावे.

मग कागद. आपल्या लोकांकडे जमीन नव्हती, म्हणून केवळ खसरा आणि १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात शोधून निराश होऊ नये. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक पाहावे. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मिळण्यासाठी अर्ज करता येतो. तालुके फुटले, १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. म्हणून गाव त्या काळी कोणत्या तालुक्यात होते ते आधी पाहावे. नोंदी 'अमुक वल्द तमुक, जात महार' अशा धाटणीच्या असतात. आडनाव नसते, जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावही नसते. बापाचे नाव, गाव आणि तारीख शाळेच्या नोंदीशी ताडूनच माणूस ओळखावा लागतो. धर्मांतरानंतर एका भावापुढे महार, दुसऱ्यापुढे बौद्ध असे लिहिलेले सापडते. त्याने गोंधळून जाऊ नये. घर एकच असते.

नातेवाईक सापडला, की लगेच प्रमाणपत्राची प्रत मागू नये. त्याच्या घरच्या म्हाताऱ्यांकडून त्यांची वंशावळ स्वतंत्रपणे लिहून घ्यावी आणि दोन्ही शेजारी ठेवाव्यात. सामाईक पूर्वजाचे नाव, त्याचे गाव आणि भावंडांचा क्रम जुळला तरच नाते धरावे. आडनाव सारखे आहे म्हणून नाते जोडणे ही फसवणूक आहे. खोट्या माहितीवर प्रमाणपत्र मिळवल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. आणि खऱ्या अर्जदाराकडेही मग संशयाने पाहिले जाते.

या प्रांतात गावचा कोतवाल पुष्कळदा महार असे. जन्म-मृत्यूची ती वही काखेत घालून तो ठाण्यापर्यंत पायपीट करी. त्यात काय लिहिले आहे ते त्याला बहुधा वाचता येत नसे. आज त्याची पणती ती वाचू शकते. प्रत्येक वस्तीत शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक वही घालावी, सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून आरंभ करावा. कचेरी मागेल तेव्हा नव्हे, म्हातारी जिवंत आहे तोवर.