दंड भरला, पण फॉर्म विचारतोच!

उलव्याच्या गच्चीवरून आता विमानं मोजता येतात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. त्याआधी १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, तेव्हापासून ‘चल, टाउनला एक चक्कर मारून येऊ’ हे रात्री बारा वाजताही सुचायला लागलं. सेतूवर बाइकला बंदी, त्यामुळे कोणाच्या तरी बाबांची कार निघते. परतताना नाकाबंदी लागते. मशीनमध्ये फुंकायचं, आकडा येतो, गाडी बाजूला. मग कोर्टाची तारीख, ‘गुन्हा कबूल आहे’, दंड, पावती. बाहेर थांबलेले मित्र म्हणतात, ‘सुटलास रे!’

सुटलेला नसतो. ज्याच्या डोक्यात एमएस, पीआर वगैरे आहे, त्यानं तर हे नीट समजून घ्यायला हवं.

हेल्मेट नाही म्हणून मोबाइलवर येणारं ई-चलान आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची केस, या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये जागच्या जागी दंड भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे. दारूचं कलम १८५, ते त्या यादीत नाही. म्हणून कोर्टात जावंच लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बहुतेकांच्या लक्षात फक्त दंड राहतो. पण ‘कबूल’ म्हटल्यावर कोर्टानं तुम्हाला दोषी ठरवलेलं असतं, आणि परदेशी फॉर्म नेमकं तेच विचारतो.

अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म बघा. कधी अटक झाली आहे का, कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात का, नंतर माफी मिळाली असली तरी सांगा, असा त्यातल्या प्रश्नाचा अर्थ. दंड किती होता, किती वर्षं झाली, याची सूट त्यात नाही. अशी एकच साधी केस असेल तर अमेरिकेचं दार त्यामुळेच बंद होतं असं नाही. मात्र ती गेल्या पाच वर्षांतली असेल तर दूतावासाच्या यादीवरच्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. दारूची समस्या आहे का, हे त्यांना बघायचं असतं. व्हिसा मिळून तिकडे पोचलात म्हणजे झालं, असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं सहा हजारांहून जास्त विद्यार्थी व्हिसा रद्द केल्याचं सांगितलं. त्यामागच्या कारणांत मारहाण, घरफोडी यांच्या बरोबरीनं दारू पिऊन गाडी चालवणंही होतं.

खरा घोळ कॅनडाचा. तिथे आपल्या कोर्टानं काय शिक्षा दिली याला फारसं महत्त्व नाही. तोच गुन्हा कॅनडात केला असता तर जास्तीत जास्त किती शिक्षा झाली असती, हे पाहतात. १८ डिसेंबर २०१८ पासून ही कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षांवर गेली आणि हा गुन्हा थेट ‘गंभीर गुन्हेगारी’च्या खात्यात पडला. पूर्वी एखादी जुनी केस दहा वर्षांनी आपोआप माफ झाल्यासारखी धरत. आता होणाऱ्या केसला ती सवलत नाही. म्हणजे इथे दहा हजारांत ‘मिटलेलं’ प्रकरण चाळिशीतही टोरांटोच्या विमानतळावर समोर येऊ शकतं.

यात एक बारकावा आहे. कॅनडात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे ३०. त्यामुळे तुमचा आकडा ४० होता की १४०, यानं फरक पडू शकतो. पण आकडा कमी असूनही गाडी चालवण्याची शुद्ध नव्हती असं दिसलं, तर तोही तिथे गुन्हाच. बाकी उपाय दोन. अगदी गरजेचं कारण असेल तर तात्पुरता परवाना मागता येतो. कायमचा डाग पुसायचा तर शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी अर्ज करायचा. दंड भरायला उशीर केला की ती पाच वर्षंही उशिरा सुरू होतात.

आपला पासपोर्ट त्या मानानं सोपा. दोषी ठरल्यामुळे तो नाकारायचा तर नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची कैद लागते. नुसत्या दंडानं तसं होत नाही. केस चालू असेल तर मात्र अडतं. ‘तारखेला गेलोच नाही, काय होतंय’ म्हणणाऱ्यांची गंमत इथे संपते, कारण फौजदारी केस प्रलंबित असताना पासपोर्ट हवा तर आधी त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते.

आता तो नेहमीचा सल्ला. ‘लिहूच नकोस, त्यांना कुठे कळतंय?’ माझ्या मते एवढा महागडा फुकटचा सल्ला दुसरा नसेल. खोटी माहिती दिल्याबद्दल कॅनडा पाच वर्षं दार लावून घेतो. अमेरिकेत तर जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा शिक्का कायमचा बसतो, आणि तो उठवायला खास सूट मागावी लागते. जी केस खरी सांगितली असती तर कदाचित निभावली असती, ती लपवल्यामुळे अंगावर येते. शिवाय पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं गेलं तर रेकॉर्ड पोलिस तपासणार, तुमचा एजंट नाही.

ज्यांची केस होऊन गेली आहे, त्यांनी प्रवेशाच्या आधी एक सुट्टी कोर्टाच्या नावानं काढावी. नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सही-शिक्क्याची प्रत घ्यायची. दंडाची पावती आणि मशीनच्या आकड्याचा कागदही सोबत ठेवायचा. आणि खिडकी सोडायच्या आधी एकदा बघून घ्यायचं, प्रतीवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळतंय ना.