शृंगारगीतें आणि आपलीं घरें

लग्नसराईच्या दिवसांत कळमेश्वरासारख्या गांवीं वरात निघाली, म्हणजे ध्वनिक्षेपकाच्या ठेक्यानें घरांच्या भिंती हादरूं लागतात. ओसरीवरील वडील मंडळी कपाळास आठ्या घालतात, माजघरांत स्त्रिया हंसून विषय बदलतात आणि तरुण मुलेंमुली त्या ठेक्यावर ताल धरितात. गाणें कोणत्याहि भाषेंतील असो, विषय बहुधा एकच असतो : स्त्रीपुरुषांचें परस्परांविषयींचें आकर्षण. हा विषय चारचौघांत काढण्याचा नव्हे, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्याविषयीं घरांत कोणी बोलत नाहीं, तें मुलें घराबाहेर शिकणार, हें उघडच आहे. तेव्हां या गाण्यांकडे क्षणभर शांतपणें पाहूं या.

हा सारा नव्या काळाचा दोष आहे, असें मात्र कोणीं म्हणूं नये. याच नागपूर-भंडारा भागांत खडी गंमत पिढ्यान्‌पिढ्या रंगत आली आहे. डफ, ढोलकी आणि टुणटुणें यांच्या साथीवर शाहीर उभ्यानें गातो, आणि स्त्रीवेष धारण केलेला ‘नाच्या’ भोंवतालच्या प्रेक्षकांस खिळवून ठेवितो. विरहिणीची तळमळ, रुसवा, आर्जव, थट्टा हें सर्व त्या गीतांत असतें. मात्र बोलणारी स्त्री असली, तरी शब्द पुरुषाचे आणि येथें तर कंठहि पुरुषाचाच! स्त्रीच्या मनांतलें पुरुषानें सांगावें, पुरुषानें गावें आणि मुख्यतः पुरुषांनींच ऐकावें, असा हा प्रकार होता.

आतां हजारों कोसांवरील जमैका बेटाकडे वळूं. तें 1962 सालीं इंग्रजांच्या सत्तेंतून मुक्त झालें, आणि 1968 च्या सुमारास तेथें ‘रेगे’ नांवाचें संगीत उदयास आलें. दोन मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागीं गिटारीचा तुटक आघात आणि खालीं खर्जाच्या तारांची संथ चाल, ही त्याची ओळख. बॉब मार्ले (1945–1981) यांच्यामुळें तें जगभर पोहोंचलें, आणि 2018 मध्यें युनेस्कोनें मानवतेच्या अमूर्त वारशांत त्याचा समावेश केला. अन्याय व मुक्ति यांविषयींचीं रेगेगीतें आपण ऐकून असतों. परंतु त्यांत प्रेमगीतेंहि विपुल आहेत. 1970 नंतरच्या दशकांत लंडनमधील वेस्ट इंडियन कुटुंबांतील तरुणतरुणींनीं ‘लव्हर्स रॉक’ नांवाची कोमल शाखा वाढविली. 1979 सालीं जॅनेट के या तरुणीचें एक गीत इंग्लंडच्या लोकप्रियतेच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर गेलें. परक्या देशांत वाढणाऱ्या मुलींस आपल्या मनांतली हुरहुर आपल्यासारख्याच मुलीच्या आवाजांत ऐकावयास मिळाली, हें त्या शाखेचें महत्त्व होय.

‘डान्सहॉल’ हा याच घराण्यांतील धाकटा व दांडगा भाऊ. मोठमोठे ध्वनिसंच लावून जेथें लोक नाचत, त्या जागांवरून हें नांव पडलें. एकाच ठेक्यावर अनेक गायक आपापले शब्द रचितात, जशा आपल्याकडे एका चालीवर अनेक लावण्या झाल्या. दोन ध्वनिसंचांची श्रोत्यांसमक्ष चढाओढ लागते. ती पाहून कोणाहि मराठी माणसास कलगी-तुऱ्याचा सामना आठवावा. त्यांतील कित्येक गीतें इतकीं उघडीं असतात, कीं जमैकांतील धर्मनिष्ठ घरेंहि त्यांच्या नांवानें कानांवर हात ठेवितात. लेडी सॉ या नांवानें गाजलेल्या गायिकेनें मात्र पुरुषांच्या या आखाड्यांत शिरून स्त्रीच्या इच्छेविषयीं निःसंकोच गायिलें. 2015 सालीं तिनें तो मार्ग सोडला, आणि पुढें ती भक्तिगीतें गाऊं लागली.

हें वाचून रामजोश्यांची आठवण होत नाहीं काय? सोलापूरच्या ब्राह्मण घरांतील हा बुद्धिमान्‌ तरुण तमाशाच्या नादानें घराबाहेर पडला आणि पुढें कीर्तनाकडे वळला, असें परंपरा सांगते. पठ्ठे बापूराव (1866–1945) हेहि मूळचे कुलकर्णी. पवळा हिवरगांवकर हिच्या साथीनें त्यांनीं महाराष्ट्र गाजविला. आज त्यांस आपण अभिमानानें लोककवि म्हणतों. परंतु ज्या स्त्रियांनीं त्या लावण्या नाचून, गाऊन जिवंत ठेविल्या, त्यांस आपल्या समाजानें उंबऱ्याच्या आंत कितपत घेतलें? लावणी ऐकावयास रसिक पुष्कळ होते. गाणारीला मान देणारे थोडे. सुलोचना चव्हाण (1933–2022) यांनीं अंगभर पदर घेऊन लावणी गायिली, आणि 2022 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, हें खरें. पण लावणी गाणाऱ्या प्रत्येकीस सभ्यतेचा दाखला पदरानेंच कां द्यावा लागावा?

तेव्हां गीत शृंगारिक आहे एवढ्यावरून तें त्याज्य ठरूं नये. आकर्षण हें निसर्गदत्त आहे; कालिदासास जें शोभलें, तें शाहिरास कां शोभूं नये? कसोटी निराळी हवी. त्या गीतांतील स्त्री माणूस आहे कीं नुसती वस्तु? तिला रुसतां येतें काय, मागतां येतें काय, आणि मुख्य म्हणजे नाहीं म्हणतां येतें काय? चांगल्या लावणींतील नायिका हें सर्व करिते. उलट, जेथें पुरुष केवळ फुशारकी मारितो आणि स्त्री मुकी असते, तें गीत शुद्ध भाषेंत असलें तरी हीनच समजावें. मग तें किंग्स्टनचें असो वा आपल्या वरातींतलें.

एकत्र कुटुंबांत आजी, काकू, आत्या अशीं जाणतीं माणसें असतात, हें मोठेंच भाग्य. मुलांच्या हातांतील यंत्र हिसकावून घेण्यापेक्षां, ‘हें गाणें तुला कां आवडतें?’ असें त्यांनीं एकदां मायेनें विचारावें, आणि उत्तर मिळेतों धीर धरावा. ज्या घरांत हा प्रश्न न लाजतां विचारतां येतो, त्या घरच्या मुलीला आपल्या मनांतलें सांगण्यासाठीं दुसऱ्या कोणाच्या गाण्याची वाट पाहावी लागणार नाहीं.