जाड, तिरपं आणि भक्कम पायाचं

नेसरी म्हटलं की २४ फेब्रुवारी १६७४ आठवतो. त्या दिवशी सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावासाठी फलक करायचा तर अक्षर कसं हवं? माझ्या मते जाड, पुढे झुकलेलं, भक्कम पायाचं.

रोमन लिपीत भक्कम पायाच्या अक्षरांच्या घराण्याला स्लॅब सेरिफ म्हणतात. त्यात अक्षराच्या टोकांच्या पट्ट्या जवळपास उभ्या दांड्यांइतक्याच जाड असतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी हा टाइप पुढे आला. १८४५ साली रॉबर्ट बेस्लीने क्लॅरेंडन हा टाइप काढला आणि बारीक मजकुरातला एखादा शब्द ठळक करायची सोय झाली. तिरपा टाइप त्याहून पुष्कळ जुना. व्हेनिसच्या आल्डुस मानुटिउसने १५०१ मध्ये व्हर्जिलचं आख्खं पुस्तक त्यात छापलं. जाड आणि तिरपं एकत्र आलं की अक्षर दुरून दिसतं आणि धावतंही. मथळा, कुस्तीच्या मैदानाची जाहिरात, खेळाडूची जर्सी या त्याच्या खऱ्या जागा. पानभर मजकूर मात्र त्यात लावू नये, डोळे शिणतात.

देवनागरीत तिरप्याची परंपराच नव्हती. पोथीत महत्त्वाचा शब्द तांबड्या शाईने लिहीत. मात्र जाड पट्टी आपल्या लिपीत आधीपासून आहे, ती म्हणजे शिरोरेघ! तिची जाडी दांड्याइतकी केली की स्लॅबचा भारदस्तपणा आपोआप येतो. सोल मातास यांचा ‘कडवा’ हा फॉन्ट याच जातकुळीचा. पण तो साधा आणि ठळक एवढाच मिळतो, तिरपा नाही.

मग फ्लेक्सवाला संगणकावर इटॅलिकचं बटण दाबतो, आणि घोटाळा तिथेच होतो. ‘नेसरी’ हाच शब्द घ्या. ‘ने’वरची मात्रा मुळात डावीकडे झुकलेली, अक्षर उजवीकडे कलंडताच ती ताठ होते आणि तिचा डौल जातो. ‘र’चा खाली उजवीकडे उतरणारा पाय उभा होत जातो. ‘री’ची वेलांटी दांड्याच्या पुढे लोंबते. शिरोरेघ तेवढी आडवीच राहते. त्यात जाडी वाढवली की ‘ध’, ‘भ’ यांच्या गाठी बुजतात. वेग दाखवायला निघालेला शब्द अडखळतो.

हे हातानेच सुधारावं लागतं. मात्रा थोडी मागे ओढायची, ‘र’चा पाय पुन्हा पसरायचा, गाठी मोकळ्या करायच्या, दांड्याचा तळ आडवा छाटायचा. कमल शेडगे नाटकांची शीर्षकं हातानेच रेखाटत, म्हणून प्रत्येक नाव त्या नाटकाचा चेहरामोहरा घेऊन येई. कोल्हापूरला तर पेंटरांची केवढी परंपरा! जी. कांबळे याच मातीतले.

गडहिंग्लज-चंदगड भागातल्या फ्लेक्स करणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: पुढच्या २४ फेब्रुवारीचा फलक करताना ते बटण दाबू नका. चारच अक्षरं असोत, ती कागदावर काढा, मग संगणकात घ्या.