रिकाम्या घराचा अर्थ

इंदूरच्या सुदामा नगरात मराठी कुटुंबांची वस्ती बरीच आहे. मुले नोकरीसाठी परगावी गेली आणि मागे वृद्ध आईवडील राहिले, अशी घरेही तेथे थोडी नाहीत. अशा वृद्धांकडे दरमहा जाऊन विचारपूस करणाऱ्या एका लहानशा मंडळाच्या याद्या मी संगणकावर सांभाळीत असे.

एका महिनाअखेरीस मी संगणकास विचारले, 'कोणाकडे जाणे राहिले?' उत्तर आले, 'कोणाकडेही नाही.' आम्ही समाधान पावलो. दुसऱ्याच दिवशी एका आजींचा दूरध्वनी आला, 'या महिन्यात कुणी फिरकला नाहीत. माझे काही चुकले का?' मी वरमलो. चूक आजींची नव्हती, यंत्राचीही नव्हती. ती मी विचारलेल्या प्रश्नात होती.

माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडावी, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली पुढे आणली. तीच आजची एस्क्यूएल. कोष्टकातील ज्या घरात काहीच भरलेले नसते, त्याला या भाषेत 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'ठाऊक नाही'.

आमच्या भेटींच्या कोष्टकात एका ठिकाणी भेटीची तारीख होती, पण कोणाची भेट घेतली तो क्रमांक लिहावयाचा राहिला होता. मी 'नॉट इन' हे शब्द योजून विचारले होते : ज्यांचा क्रमांक भेटींच्या यादीत नाही, ते सांग. आजींचा क्रमांक सात आहे असे समजा. यंत्र सात हा आकडा यादीतील प्रत्येक क्रमांकाशी ताडून पाहते. रिकाम्या घरापाशी मात्र त्याची अडचण होते. तेथे सातच असावयाचा असला तर? म्हणून त्याचा निर्णय 'होय' नाही, 'नाही'ही नाही. 'सांगता येत नाही' असा होतो. आणि एस्क्यूएल केवळ 'होय' ठरलेल्या ओळीच दाखविते. एका रिकाम्या घरापायी राहिलेली सारी नावे गळाली ती अशी.

यावर उपाय अवघड नाहीत. अशा प्रश्नात 'नॉट इन'ऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' वापरावे. म्हणजे ज्यांच्या भेटीची नोंद सापडत नाही, ती सर्व नावे पुढे येतात. रिकामी घरे शोधताना 'नलच्या बरोबर' असे न लिहिता 'इज नल' असेच लिहावे. जो क्रमांक असलाच पाहिजे, त्याच्या रकान्याला कोष्टक रचतानाच 'नॉट नल' असे बंधन घालावे. आणि जुने कारकून जमाखर्चाचा ताळा पाहात, तसा आपणही पाहावा : भेट झालेले आणि राहिलेले मिळून एकूण संख्या भरते काय? मी एवढे केले असते, तरी चूक तेव्हाच उघडी पडली असती.

नव्या पद्धतीत एखाद्या घरी चुकून दोनदा जाणे घडेल. त्याने कोणाचे बिघडत नाही. आजी दुसऱ्यांदाही चहा ठेवतात. परंतु ज्याविषयी आपल्याला ठाऊक नाही, त्याला 'झाले' म्हणून सोडून देऊ नये, एवढेच मला सांगावयाचे होते.