महासत्तांचे वैर आणि विज्ञानाचे सहकार्य

पल्स पोलिओच्या मोहिमेत गावोगावच्या शाळांत, अंगणवाड्यांत व एस.टी. स्थानकांवर पाच वर्षांखालील बालकांना लसीचे दोन थेंब पाजण्याचे काम असंख्य शिक्षकांनी, आरोग्यसेविकांनी आणि पंचायत सदस्यांनी वर्षानुवर्षे केले आहे. ही लस एका अमेरिकन शास्त्रज्ञाने तयार केली, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु ती मोठ्या लोकसंख्येत निर्धोक व परिणामकारक ठरली ती सोव्हिएत संघात, आणि तीही शीतयुद्ध ऐन भरात असताना, ही हकीकत फारशी परिचित नाही. साथीच्या संकटात प्रतिस्पर्धी राष्ट्रांचे शास्त्रज्ञ परस्परांशी विचारविनिमय करू शकतात काय, आणि तो कशामुळे फलदायी होतो, हे समजून घेण्यास ती उपयुक्त आहे.

गरज दोन्ही बाजूंची

१९५२ साली अमेरिकेत पोलिओची भीषण साथ आली. ५७ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि तीन हजारांवर मृत्यू झाले. एप्रिल १९५५ मध्ये डॉ. जोनास साल्क यांची मृत विषाणूंपासून केलेली, टोचून देण्याची लस परिणामकारक असल्याचे जाहीर झाले आणि तेथील साथीचा जोर ओसरू लागला. याच सुमारास सोव्हिएत संघात मात्र पोलिओ वाढत होता. १९५५ मध्ये मॉस्को येथे पोलिओ संशोधन संस्था स्थापन झाली व तिचे संचालकपद मिखाईल चुमाकोव्ह यांच्याकडे आले. तरुणपणी गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराचे संशोधन करताना त्यांना स्वतःलाच त्या रोगाची बाधा झाली होती. त्यांचा उजवा हात निकामी झाला होता आणि श्रवणशक्तीही मंदावली होती.

जानेवारी १९५६ मध्ये चुमाकोव्ह, त्यांच्या पत्नी व विषाणुतज्ज्ञ मरिना वोरोशिलोवा आणि लेनिनग्राडचे अनातोली स्मोरोदिन्त्सेव्ह यांनी अमेरिकेतील प्रयोगशाळांना भेट दिली. सिनसिनाटी येथे त्यांची डॉ. अल्बर्ट सेबिन यांच्याशी गाठ पडली. सेबिन यांचा जन्म बियालिस्टोकचा. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते. क्षीण केलेल्या जिवंत विषाणूंची, तोंडावाटे देण्याची लस त्यांनी सिद्ध केली होती. ती स्वस्त होती, देण्यास सोपी होती आणि विषाणू जेथे वाढतो त्या आतड्यांतच संरक्षण निर्माण करीत होती.

तथापि, लक्षावधी अमेरिकन मुलांना साल्क यांची लस आधीच दिली गेल्याने नव्या लसीच्या व्यापक चाचणीस स्वदेशात वाव उरला नव्हता. उलट, सोव्हिएत संघात लस न मिळालेली कोट्यवधी मुले होती. साल्क यांच्या लसीचे पुरेसे व एकसारख्या दर्जाचे उत्पादन तेथे होत नव्हते. एकाकडे लस होती, दुसऱ्याकडे तिची निकड होती. केवळ सद्भावनेपेक्षा या परस्परपूरक गरजेने सहकार्याचा पाया घातला.

पडताळणीचे महत्त्व

जून १९५६ मध्ये सेबिन यांनी लेनिनग्राड व मॉस्को येथे भेट दिली आणि पुढे आपल्या विषाणूंचे नमुने सोव्हिएत सहकाऱ्यांना विनामूल्य दिले. चुमाकोव्ह दांपत्याने ही लस प्रथम स्वतः घेतली व आपल्या मुलांनाही दिली. १९५९ मध्ये एक कोटीहून अधिक मुलांना, तर १९६० अखेर सात कोटींहून अधिक लोकांना ती देण्यात आली. लहान मुलांसाठी ती गोळ्या-मिठाईच्या रूपातही तयार केली गेली.

आकडे प्रचंड होते. पण पाश्चात्त्य देशांनी ते मानावेत कसे? हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. विश्वास न बसता तर कोट्यवधी मुलांवरील अनुभव सीमेपलीकडे निरुपयोगी ठरला असता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५९ मध्ये येल विद्यापीठाच्या डॉ. डोरोथी हॉर्स्टमन यांना प्रत्यक्ष पाहणीसाठी पाठविले. त्यांना प्रयोगशाळा दाखविण्यात आल्या, नोंदी पाहू दिल्या गेल्या. चाचण्या काळजीपूर्वक झाल्या असल्याचा त्यांचा अहवाल निर्णायक ठरला. १९६१ पासून अमेरिकेतही या लसीला टप्प्याटप्प्याने परवाना मिळाला. त्याच वर्षी पोलिओच्या साथीने हैराण झालेल्या जपानने सोव्हिएत संघ व कॅनडा येथून १ कोटी ३० लाख मात्रा तातडीने आणविल्या.

मधल्या काळात हंगेरीतील उठाव (१९५६), स्पुटनिकचे उड्डाण (१९५७) आणि अमेरिकेचे यू-२ हेरविमान पाडले जाणे (१९६०) अशा घटना घडल्या. त्यांनी राजनैतिक संबंध ताणले. शास्त्रज्ञांमधील विचारविनिमय मात्र तुटला नाही.

देवीचे निर्मूलन

या अनुभवाची व्याप्ती पुढे वाढली. १९५८ मध्ये जागतिक आरोग्य सभेत सोव्हिएत उप-आरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी देवी रोगाच्या निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला. १९६७ पासून तीव्र केलेल्या मोहिमेचे नेतृत्व डॉ. डी. ए. हेंडरसन या अमेरिकन तज्ज्ञाकडे होते, तर उष्ण हवामानातही टिकणारी, गोठवून शुष्क केलेली लस फार मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत संघाने पुरविली. भारतातील अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. सेबिन यांच्या थेंबांचा लाभही भारताला मिळाला. जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण येथे आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

कोविडच्या काळात

कोविडच्या साथीत अमेरिका व चीन यांच्या संदर्भात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रारंभ आशादायक होता. ११ जानेवारी २०२० रोजी शांघायचे विषाणुतज्ज्ञ झांग योंगझेन यांनी सिडनीच्या एडवर्ड होम्स यांच्यामार्फत नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा खुला केला. त्याच्या आधारे अमेरिकेत व अन्यत्र लसींची आखणी लगेच सुरू झाली. पुढे मात्र संवादाची दारे मिटू लागली. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने चीनमधील फुलब्राइट विद्वत्-विनिमय बंद करण्याचे ठरविले व जागतिक आरोग्य संघटना सोडण्याची सूचनाही दिली. ती सूचना जानेवारी २०२१ मध्ये मागे घेण्यात आली. त्याच महिन्यात संघटनेचे पथक वुहान येथे पोहोचले. परंतु आरंभीच्या रुग्णांची मूळ माहिती त्याला पूर्णपणे मिळाली नाही. विषाणूच्या उगमाबद्दलचा वाद त्यामुळे शमला नाही. हॉर्स्टमन यांच्यापुढे उघडलेल्या नोंदवह्यांचे मोल येथे लक्षात येते.

वैर संपल्यावर सहकार्य सुरू होते, असा या इतिहासाचा अर्थ नाही. वैर कायम असतानाही ते होऊ शकले, कारण शास्त्रज्ञांचा परिचय आधीपासून होता, दोन्ही शासनांनी त्यांना वाट दिली होती आणि एकाचा दावा दुसऱ्याला तपासता येत होता. साथ आल्यानंतर अशी व्यवस्था नव्याने उभारण्यास वेळ मिळत नाही. म्हणून विद्यापीठांतील देवाणघेवाण, संयुक्त संशोधन आणि रोगांविषयीच्या माहितीचा खुला व्यवहार शांततेच्या काळातच जोपासणे, ही सार्वजनिक आरोग्याची पूर्वतयारीच होय.