शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक: दोन मिनिटांच्या भाषणात मत कसं मागायचं?

ओवे (ता. पनवेल) : जूनमध्ये शाळा भरली, पाऊस जरा स्थिरावला की अनेक शाळांत मंत्रिमंडळाच्या निवडणुकीची गडबड सुरू होते. उमेदवारी अर्ज, पाटी-छत्रीसारखी चिन्हं, गुप्त मतदान, बोटाला शाई, काही ठिकाणी तर मोबाइलवरच मतदान यंत्र. सगळं अगदी खऱ्यासारखं. उरकलं जातं ते फक्त उमेदवाराचं भाषण.

घरातलं कुणी मोठं माणूस लिहून देतं, पोर पाठ करतं आणि एका दमात म्हणून मोकळं होतं. १५ ऑगस्टला हे चालून जातं, टाळ्या मिळाल्या की काम झालं. इथे मात्र समोर मांडी घालून बसलेल्या प्रत्येकाला मत आहे.

आधी वेळेचा हिशेब. दोन मिनिटांत साधारण सव्वादोनशे ते अडीचशे शब्द बसतात. त्यातली पहिली काही सेकंदं ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ यातच जातात. नमस्कार, नाव, इयत्ता, कुठल्या पदासाठी उभे आहोत, एवढं पुरे.

खरी गोची आश्वासनांची. ‘मैदान करून देईन, कम्प्युटर आणीन’ असं उमेदवार बिनधास्त सांगतात. पण सातवीतल्या मुख्यमंत्र्याच्या हातात ना निधी ना सही, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. म्हणून अर्ज भरायच्या आधी सरांना किंवा बाईंना विचारून घ्यावं : या पदाला नेमकं काय करता येतं? पोषण आहाराची रांग, पाण्याच्या टाकीपाशी लक्ष, पुस्तकांची पेटी उघडणं, खेळाचं साहित्य वाटणं, ही कामं बहुतेक ठिकाणी मुलांकडे असतात. त्यातलं एकच निवडावं.

समजा क्रीडामंत्रीपदासाठी एक मुलगी उभी आहे. ‘मी खेळाला प्रोत्साहन देईन’ या वाक्याने कुणाचंच काही अडत नाही. त्याऐवजी ती म्हणाली, ‘मधल्या सुट्टीत चेंडू कायम मोठ्या मुलांकडेच असतो. मी निवडून आले तर सोमवार आणि गुरुवार तो मुलींना आणि चौथीपर्यंतच्या पोरांना मिळेल. कोण घेतंय, कोण परत करतंय, ते मी वहीत लिहीन.’ इथे अडचण ओळखीची आहे, उपाय तिच्या आवाक्यातला आहे आणि वार ठरलेले आहेत. शब्द पाळला नाही तर पोरं तिला त्याच आठवड्यात गाठतील, ते वेगळं!

मोजकी, ठोस मागणी लोकांच्या तोंडी राहते हे या भागाला सांगायला नको. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या पट्ट्यात दि. बा. पाटील आणि १९८४ चं जासईचं आंदोलन आठवलं की ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द आजही पुरतात.

भाषेचं ओझं नको. वर्गात आगरी बोलणारी, हिंदी बोलणारी अशी सगळीच मुलं असतात. पुस्तकी मराठीत अडखळण्यापेक्षा घरी बोलतो तसं बोललेलं बरं. कागदावर पूर्ण भाषण नको, चार मुद्दे पुरेत. विरोधी उमेदवाराचं नाव घेऊन टोमणे मारले तर हशा मिळतो, पण त्याचे मित्र कायमचे तुटतात. आणि ती मतं असतात.

कॉलेजात गेल्यावर ही सवय होईल, असं समजण्यात अर्थ नाही. हिंसाचारामुळे महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांना पुन्हा वाट करून दिली, पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींत तर उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आणि छापील पोस्टरला बंदी. मग हातात उरतं काय, तर बोलणं.

पालकांनी भाषण लिहून देण्यापेक्षा एक करावं. आदल्या रात्री जेवताना पोराला उभं करून ते ऐकावं आणि मध्येच विचारावं, ‘हे तू करणार कसं?’ उत्तर आलं नाही, तर तेवढं वाक्य सकाळपर्यंत बदलता येतं.